थांबलेला हात

"तुमच्या हातानं मारलं तिला," दारात उभी राहून ती मुलगी म्हणाली.

डॉ. कुमुद देवतळे यांच्या दारात चाळीस वर्षांत नाना तऱ्हेची माणसं येऊन गेली होती. कुणी पाया पडायला, कुणी लेकराचं नाव ठेवून घ्यायला, कुणी निवडणुकीत पाठिंबा मागायला. असं वाक्य घेऊन मात्र कुणी आलं नव्हतं. बाई एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. गुडघे कधीच गेले होते, पण कान शाबूत होते.

"आत ये," त्या म्हणाल्या. "कोण गेलं ते आधी सांग. मग मला काय म्हणायचं ते म्हण."

मुलगी आत आली, पण बसली नाही. डॉ. आरोही मडावी तिचं नाव. वैनगंगा वैद्यकीय महाविद्यालयात ती इंटर्न होती, म्हणजे परीक्षा पास झालेली, पण रुग्णालयातली वर्षभराची उमेदवारी अजून पुरी न झालेली. दोन दिवसांपूर्वी तिला निलंबित केलं होतं.

"पूर्वी आत्राम," आरोही म्हणाली. "अडीच वर्षांची. सिकलसेल होता. सकाळी बाह्यरुग्ण विभागात आणली, ताप आणि किरकिर. मी पोट तपासलं. हातातला हस्तक म्हणाला, प्लीहा लागत नाही. औषध देऊन घरी पाठवली. सूर्य मावळायच्या आत तिला परत आणलं, पांढरीफटक. रक्त चढवायला शीरसुद्धा सापडली नाही."

बाईंनी डोळे मिटले. पुढचं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते सगळं जगाला पहिल्यांदा सांगितलं होतं त्यांनीच.

तरुणपणी त्या या जंगलाच्या जिल्ह्यात आल्या, तेव्हा इथली लहान मुलं अशीच जायची. सकाळी खेळणारं पोर संध्याकाळी पांढरं पडायचं आणि गावात कुणाची तरी करणी शोधली जायची. बाईंनी मात्र त्याचं कारण शोधलं. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. कधी कधी त्या डाव्या बरगडीखालच्या प्लीहेत अडकायला लागतात. मग काही तासांत अंगातलं निम्मं रक्त त्या एका अवयवात जाऊन साठतं. मूल रक्तानं भरलेलं असतं आणि रक्तावाचून मरत असतं. प्लीहा फुगलेली वेळेत कळली तर दोन वाट्या रक्त चढवून ते वाचतं. त्या काळी कळायला साधन एकच होतं, डॉक्टरची बोटं. बाईंनी ती बोटं शिकवली. मुलाच्या पोटावर हात कसा ठेवायचा, त्याची पद्धत त्यांच्या नावानं पाठ्यपुस्तकात आली आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ती शिकून बाहेर पडले.

आणि मग आला हस्तक.

हस्तक म्हणजे हातमोजा. त्याच्या आत केसासारख्या बारीक तारांचं जाळं होतं. बाई निवृत्त व्हायच्या आधी दोन वर्षं तो घालूनच रुग्ण तपासत होत्या. बोटांवर कुठे किती दाब आला, मनगट कुठल्या कोनात वळलं, कातडीखाली काय लागलं, हे सगळं त्या जाळ्यानं टिपलं. मग त्या टिपणांवरून संगणकाला एक हात शिकवला गेला. विद्यार्थ्यानं मोजा चढवला की तो शिकलेला हात त्याच्या बोटांना वाट दाखवायचा. बरोबर चाललं की मनगटावर हिरवा दिवा. चुकलं की मोजा थरथरायचा. शेवटी निदान, तेही मोजाच सांगायचा. सहा वर्षांत तो राज्यातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत पोचला होता. २०३९ साली डॉक्टर होणाऱ्या मुलांनी उघड्या हातानं पोट तपासणारा शिक्षक पाहिलेलाच नव्हता.

"मला लागलं होतं काहीतरी," आरोही म्हणाली. "ती रडत होती, पोट फळीसारखं ताठ. मी हात थांबवला. वाटलं, जरा थांबावं. तर मोजा थरथरला. मी तरी थांबले. तो परत थरथरला. मग मी पुढे सरकले. का सरकले माहीत आहे? कारण तो तुमचा हात आहे. तुमच्या हातापेक्षा मला जास्त कळतं, असं मी कोण समजणार?"

"आणि निलंबन कशासाठी?"

"हात थांबवला म्हणून! चौकशी समितीचं म्हणणं, यंत्र निर्दोष आहे. मी मधे हात थांबवला, त्यानं तपासणी बिघडली. मोज्यात नोंद आहे."

बाईंनी भिंतीला टेकवलेली काठी उचलली.

"रिक्षा बोलाव," त्या म्हणाल्या.

महाविद्यालयाच्या दाराशी बाईंचा पंजा होता, काळ्या दगडात कोरलेला. पोरं परीक्षेला जाताना त्याला हात लावून जायची. बाईंना तो कधी आवडला नव्हता. आज त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अधिष्ठाता डॉ. मुकुंद ठेंगडी धावतच बाहेर आले. एकेकाळी हा मुकुंदा बाईंच्या घरी जेवून शिकलेला होता. हस्तकची कल्पना त्याचीच. बाईंचा हात बाईंबरोबर जाऊ नये, एवढ्यासाठी त्यानं दहा ठिकाणी डोकं आपटून ती उभी केली होती.

"बाई, निरोप दिला असता तर गाडी पाठवली असती."

"मला वॉर्डात ने. सिकलसेलचं, मोठी प्लीहा असलेलं पोर दाखव. सोनोग्राफी झालेलं, म्हणजे वाद नको. आणि तुझा तो मोजा आण."

चार वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या आईला बाईंनी विचारलं, तिनं मान डोलावली. मोजा चढवून बाईंनी पोटाला हात लावला मात्र, पोरानं भोकाड पसरलं. बाईंची बोटं सवयीनं उजव्या कुशीतून डाव्या बरगडीच्या दिशेनं वर सरकली आणि थांबली. मोजा थरथरला. त्या थांबूनच राहिल्या. मोजा चिडलेल्या गांधीलमाशीसारखा घोंगावायला लागला. मनगटावर अक्षरं आली: हात थांबला आहे, पुढे सरका. बाई सरकल्या. अक्षरं बदलली: प्लीहा लागत नाही.

मुलाच्या सोनोग्राफीत प्लीहा बेंबीपर्यंत आलेली होती.

बाईंनी मोजा ओरबाडून काढला, उघडा हात त्याच जागी ठेवला आणि काहीच केलं नाही. मूल रडत राहिलं. रडून रडून त्याला श्वास घ्यावाच लागला आणि त्या एका क्षणाला ताठ पोट लोण्यासारखं मऊ झालं. आत गेलेल्या श्वासानं प्लीहा खाली ढकलली आणि तिची कड आपण होऊन बोटांना येऊन भिडली.

"मुकुंदा, हात आण इकडे."

त्यांनी त्याचं मनगट धरून बोटं तिथे टेकवली आणि धरून ठेवली. मूल पुन्हा रडलं, पुन्हा श्वास घेतला. मुकुंदाच्या चेहऱ्यावर ती कड लागल्याचं स्पष्ट दिसलं.

"हे तुला मी याच वॉर्डात शिकवलं होतं," बाई म्हणाल्या. "आपण शोधायचं नसतं. थांबायचं, श्वास आणून देतो. माझ्या हातातून हे कुठे गेलं?"

उत्तर दिलं ते मोजा घेऊन आलेल्या निशांत गुर्जरनं. हस्तक बनवणाऱ्या कंपनीचा हा अभियंता महाविद्यालयातच बसायचा. पोरगा हुशार होता आणि आपण काय सांगतो आहोत याची त्याला जराही कल्पना नव्हती.

"मॅडम, मोज्यानं टिपलेलं तुमचं मूळ चित्रण फार लांबलचक होतं. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ हात हललेलाच नाही. दाब बदलत नाही, जागा बदलत नाही. अशा भागातून संगणक काही शिकत नाही, उलट गोंधळतो. म्हणून जिथे हालचाल शून्य, ते तुकडे आम्ही आधीच गाळले. सगळेच गाळतात. त्यात काही नव्हतं हो. हात नुसता ठेवलेला होता."

"तीच तपासणी होती!" बाई ओरडल्या. वॉर्डातल्या आया दचकून बघायला लागल्या. "बाकीचं सगळं हात तिथे न्यायची वाट होती, अरे! तू वाट ठेवलीस आणि गाव फेकून दिलंस!"

निशांतचा चेहरा उतरला. तो हळू आवाजात म्हणाला, "पण मोठ्यांमध्ये तर बरोबर येतं, मॅडम. सगळ्या चाचण्यांत आलं."

"मोठ्या माणसाला दीर्घ श्वास घ्या म्हटलं की घेतो. प्लीहा सरकत्या हातालासुद्धा लागते. अडीच वर्षांचं पोर तुमचं ऐकून श्वास घेतं का? तुमच्या चाचणीत रडणारं एक तरी मूल होतं का?"

"नव्हतं," निशांत म्हणाला.

आणि आता बाईंना आणखी एक गोष्ट समजली आणि त्या अधिकच पेटल्या. उद्‌घाटनाच्या दिवशी हार घालून त्यांच्या हातात तो मोजा चढवला होता. तेव्हाच काहीतरी खटकलं होतं, ते हेच: मोजा हात थांबू देत नव्हता. लोक म्हणाले, बाई, स्वतःचा आवाज रेकॉर्डवर ऐकला की परकाच वाटतो, तसंच हे. सगळे हसले. त्याही हसल्या होत्या.

मुकुंदानं त्यांना आपल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"बाई, मला कळलंय," तो म्हणाला. "बोटांनाच कळलं, नाही कसं म्हणू? पुढच्या आवृत्तीत आपण दुरुस्त करू. चार महिने द्या मला."

"आज बंद कर."

"आज बंद केला तर सांगावं लागेल का केला ते. सहा वर्षं, सगळी महाविद्यालयं. हजारो तपासण्या खोट्या ठरतील. आणि बंद करून शिकवणार कोण? निम्म्या महाविद्यालयांत मेडिसिनला शिक्षक नाही, बाई. जागा भरतच नाहीत. हा मोजा नव्हता तेव्हा पोरं पोटाला हात न लावता डॉक्टर होत होती. तुमच्या हातानं निदान काही तरी शिकली."

हे खोटं नव्हतं, म्हणून बाईंना जास्त राग आला.

"आणि ती पोरगी? आरोही?"

मुकुंदा खिडकीबाहेर बघायला लागला. "नियमानं बघितलं तर तिनं पद्धत मोडली."

"माझी पद्धत तिच्या एकटीलाच आली होती, मुकुंदा. तुझ्या सगळ्या कारखान्यात एकटीला. न शिकवता आली. तिला तू शिक्षा देतोयस?"

"बाई, तुमच्या नावाचा तरी विचार करा."

"नाव काढून टाक. दारातला तो पंजा फोड. माझा हात मला परत दे, मी मागतेय."

तेव्हा मुकुंदा इतक्या हळू बोलला की त्यांना पुढे वाकावं लागलं. "तो तुमचा नाही, बाई. हक्क आपल्या संस्थेचे आणि कंपनीचे आहेत. तुम्हीच सही केलीत."

याच्या पुढ्यात आपण गरम पोळ्या टाकत होतो, एवढंच बाईंच्या मनात आलं. त्या उठल्या. आधारासाठी मुकुंदानं हात पुढे केला. तो न घेता, टेबलाच्या कडेला धरत धरत, त्या दारापर्यंत गेल्या.

चौकशी समितीनं बाईंना बोलावलं नाही. त्यांनी आपण होऊन म्हणणं पाठवलं, तर उत्तर आलं की डॉ. देवतळे यांच्याबद्दल संस्थेला नितांत आदर आहे, मात्र वाढत्या वयात स्पर्शज्ञान कमी होणं स्वाभाविक आहे. आरोहीची उमेदवारी एक वर्षासाठी रद्द झाली. आत्राम कुटुंबाला कळवलं गेलं की मुलीचा आजारच असा होता, कुणाच्या हातात काही नव्हतं.

ते वाक्य आरोहीनं वाचून दाखवलं, तेव्हा बाईंच्या हातातली बशी भिंतीवर जाऊन फुटली. त्यांनीच फेकली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

"कुणाच्या हातात नव्हतं! हे लिहिताना लाज वाटली नसेल?"

अ‍ॅडव्होकेट शबनम शेख यांचं जन्मापासूनचं दुखणंखुपणं बाईंनीच काढलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "बाई, मूळ चित्रण बाहेर आल्याशिवाय सिद्ध काही होत नाही. कंपनी ते देणार नाही आणि तुम्हाला मागायचा हक्क उरलेला नाही. मागू शकतात फक्त मुलीचे आईबाप. त्यांनी दावा लावायचा. पण संस्थेचे वकील पहिल्या दिवशीच म्हणतील, हात डॉ. देवतळ्यांचा, आम्ही फक्त वापरला. वर्षानुवर्षं घोळ घालतील."

"मग मलाच पहिली प्रतिवादी करा," बाई म्हणाल्या. "ढाल म्हणून मला पुढे करायच्या आत मी स्वतःच जाऊन उभी राहते. मी पहिल्याच तारखेला कबूल करीन की या हातानं मूल गेलं. मग न्यायाधीशांना विचारावंच लागेल ना, की हात असा कशानं झाला?"

शबनम म्हणाल्या, "भरपाई तुमच्यावर पडू शकते. घर जाईल. आणि उद्याच्या पेपरात काय छापून येईल याचा विचार केलात?"

"छापू दे. कधी नव्हे ते खरं छापतील."

आरोही दाराशी उभी होती. ती पहिल्यांदाच खाली बसली.

आत्रामांचं गाव नदीपलीकडे होतं. घराच्या ओट्यावर पूर्वीचा बाप, महारू, मोहाची फुलं निवडत होता. आई, सुमन, दारात उभी राहिली. तिनं आरोहीला ओळखलं आणि तिचा चेहरा दगड झाला.

"इले काउन आणलं?" ती म्हणाली. "इनंच पाठवली होती आमाले घरी."

"तिनं मी शिकवल्यासारखं केलं," बाई म्हणाल्या. "म्हणजे माझ्या नावावर जे शिकवतात, तसं. मी देवतळे डॉक्टर. तुझ्याशी खरं बोलायला आलेय."

गुडघे वाकत नव्हते तरी त्या ओट्यावर खाली बसल्या आणि सगळं सांगितलं. हात कसा ठेवतात, तो का थांबावा लागतो, ते थांबणं कुणी काढून टाकलं. महारू फुलं निवडायचा थांबला. मग त्यानं एकच विचारलं.

"म्हंजे पोरगी वाचत होती?"

या प्रश्नाला उत्तर द्यायच्या शंभर पद्धती डॉक्टरांना येतात. बाईंनाही येत होत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "सकाळीच रक्त चढवलं असतं तर वाचली असती."

सुमन सरळ चालत आली आणि बाईंच्या दंडाला धरून तिनं त्यांना गदागदा हलवलं. एक्याऐंशी वर्षांचं ते शरीर इकडून तिकडे झुललं. आरोही पुढे झाली, तर बाईंनी तिला नजरेनंच थांबवलं.

"आमाले सांगितलं देवानं नेली!" सुमन किंचाळली. "मी देवाले शिव्या देऊन राहिली, बाई! रोज! देवाले!"

"आता मला दे," बाई म्हणाल्या. "आणि मग माझ्यावर केस कर. कोर्टात. माझं नाव पहिलं लिही. खर्च मी करते, वकील मी देते. फक्त मागे हटू नको. ते पैसे घेऊन येतील, साहेब घेऊन येतील, मला म्हातारचळ लागलाय म्हणतील. हटू नको."

सुमननं त्यांचा दंड सोडला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. महारू उठला, हात धोतराला पुसले आणि विचारलं, "अंगठा कुठी लावाचा?"

"अंगठा नाही," सुमन म्हणाली. "मले सही येते."

पहिल्या तारखेला कोर्ट भरून गेलं. वर्तमानपत्रांनी सगळं छापलं होतं, म्हातारचळासकट. संस्थेच्या बाजूनं वकिलांची रांग होती आणि त्यांच्या मागे मुकुंदा, अंग चोरून. बाई प्रतिवादींच्या बाकावर एकट्या बसल्या होत्या. आरोही मागे विद्यार्थ्यांत होती. तिच्या वर्गातली बरीच मुलं आली होती. तास बुडवून आल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई व्हायची होती.

नाव पुकारलं गेलं. बाई काठी टेकत उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी बसायला सांगितलं, त्या बसल्या नाहीत.

"प्रतिवादी क्रमांक एक, दाव्यातला मजकूर तुम्ही नाकारता का?"

"नाही साहेब. पण तो अपुरा आहे."

"म्हणजे?"

"यात एकच मूल आहे. हा हात सहा वर्षं राज्यभर फिरतोय. रडणारं पोर आणि न थांबणारा हात यांची जिथे जिथे गाठ पडली, तिथे काय झालं ते कुणी बघितलेलं नाही. मूळ चित्रण मागवा. माझे डोळे उघडे आहेत तोवर मागवा. हात कुठे थांबला होता आणि का, हे सांगू शकेल अशी दुसरी बाई नाही."

संस्थेचे वकील उठले. प्रकृती, वय, स्मृती असे शब्द त्यांनी फेकले. न्यायाधीशांनी त्यांना पुरं बोलू दिलं आणि मग आदेश लिहायला घेतला: मूळ चित्रण आहे त्या स्थितीत न्यायालयात जमा करावं, आणि निकाल लागेपर्यंत लहान मुलांच्या तपासणीसाठी हस्तक वापरू नये.

मागच्या बाकांवर गलका झाला. मुकुंदा उठून बाईंच्या दिशेनं दोन पावलं आला. त्याचे डोळे लाल होते. "बाई," एवढंच तो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलावं असं त्यांना वाटलं, पण तोंडात आला तो निव्वळ राग. तो त्यांनी त्याच्यावर खर्च केला नाही. अजून पुष्कळ तारखा बाकी होत्या.

बाहेर व्हरांड्यात सुमन उभी होती. पुढच्या तारखेचा कागद तिच्या मुठीत चुरगळला होता. आरोहीशी ती बोलली नव्हती, बोलणारही नव्हती. बाई जवळून जायला लागल्या तसं तिनं त्यांना अडवलं आणि डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. ते पांढरे केस, वाकलेली पाठ, काठीवरचा हात.

"निकाल लागेपर्यंत मराचं नाही," सुमन म्हणाली. त्यात माया नव्हती. तो हुकूम होता.

"नाही मरत," बाई म्हणाल्या आणि जिन्याच्या पायऱ्या उतरायला लागल्या.